डाव्या हातच्याची ढाल

हिंगोलीत पत्ता सांगणारा माणूस नकळत फौजेची मांडणी सांगत असतो. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. म्हणजे पायदळ, घोडदळ, तोफा, नोकरी संपवून इथेच राहिलेले शिपाई आणि या सगळ्यांना धान्य-कापड पुरवणारी पेठ. वऱ्हाडच्या सीमेवरचे हे गाव निजामाच्या काळात लष्करी छावणीचे गाव होते. इथे असायची ती हैदराबाद कंटिंजंट. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. रेसिडेंट हेन्री रसेलने १८१३ मध्ये उभी केलेली रसेल ब्रिगेड हे तिचे मूळ. तिच्याच पगाराच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. १९०३ मध्ये ती हिंदी फौजेत मिसळून गेली. फौज गेली, वस्त्यांची नावे मात्र राहिली.

आमचे घर रिसाल्यात आहे. म्हणूनच असेल, यंदाच्या दसऱ्यात आमच्या बैठकीत तीन रात्री जो वाद झाला, तो मला नुसता खेळातला वाद वाटला नाही. रामलीला मैदानाकडून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता आणि आत माझी धाकटी बहीण आणि आमचे मामा एका प्रश्नावर भांडत होते : चार माणसांनी मिळून लढताना रांग धरावी की नाही, आणि धरावी असे वाटत असेल तर ती धरायला लावणारा नियम करावा की नाही?

आधी खेळ सांगतो. बहीण पुण्यात नोकरी करते आणि गेली काही वर्षे टेबलावरचा भूमिकांचा खेळ चालवते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो : कोणी ढालकरी, कोणी तिरंदाज, कोणी मांत्रिक. एकजण सूत्रधार असतो. जग त्याचे, शत्रूही त्याचेच. काय करायचे ते खेळाडूने सांगायचे आणि जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्याच्या आधी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे नियमपुस्तक आले होते, मध्ययुगीन लढायांचे. त्यातल्या मोठ्या लढाईत एक बाहुले वीस माणसांच्या जागी उभे राहायचे. पुढच्या खेळात एक बाहुले म्हणजे एक माणूस झाला. त्या माणसाला नाव मिळाले, स्वभाव मिळाला, घर मिळाले. माझ्या मते या खेळाची सगळी श्रीमंती या बदलात आहे. पण विसाचा एक झाला तेव्हा रांगही हरवली.

पहिल्या रात्री माझी चार मावसभावंडे खेळायला बसली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने घरे आखली. बाहुली नव्हती. शत्रूंसाठी हळकुंडे घेतली, कारण वसमत-हिंगोलीकडच्या घरात हळकुंडांना तोटा नसतो. नायकांसाठी चिंचोके, प्रत्येकावर स्केचपेनची खूण. लाल आणि हिरवा हे दोन ढालकरी, निळा भालाईत, काळा तिरंदाज. त्यांच्या मागे एक कवडी. कवडी म्हणजे गाव सोडून निघालेली माणसे, त्यात म्हातारी, लेकुरवाळ्या आणि बैलगाड्या. खिंडीतून ती पलीकडे न्यायची होती. समोर अकरा हळकुंडे.

पोरांनी सुरुवात चांगली केली. डावीकडे हिरवा, मध्ये निळा, उजवीकडे लाल, मागे काळा. दोन फेऱ्या खिंड अडली. मग लालच्या समोरचे एक हळकुंड मरायला टेकले आणि मागे सरले. लाल त्याच्या मागे धावला आणि त्याने ते मारलेही. पण आता तो काळ्याच्या नेमाच्या आड आला आणि निळ्याची उजवी बाजू उघडी पडली. पुढच्या फेरीत निळा पडला, त्याच्या पुढच्या फेरीत हळकुंडे कवडीपर्यंत पोहोचली. खेळ संपला.

मामा पलंगावर बसून हे सगळे बघत होते. ते राज्य राखीव पोलीस बलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. हिंगोलीत या बलाचा बारावा गट आहे, त्यामुळे कवायतीची शिट्टी या गावाला नवी नाही. त्यांनी विचारले, “पोरी, हा लाल गेला कशाला?”

“त्याची पाळी होती, मामा. त्याला जावंसं वाटलं, तो गेला.”

“आन ज्याच्या जिवावर गेला त्यानं काय म्हणावं?”

“त्याची पाळी नंतर होती.”

“मग तुझ्या खेळात रांग होऊच शकत नाही,” मामा म्हणाले. “पाळीपाळीनं चालणारी माणसं म्हणजे रांग नव्हं. ती बसची लाइन.”

बहीण सहजासहजी मागे हटणारी नाही. तिने तिची बाजू मांडली, आणि ती लंगडी नव्हती. “मामा, हे चार जण म्हणजे पलटण नाही. दिवसभर ही मुलं कुणाच्या ना कुणाच्या हुकमात असतात. कॉलेजात, दुकानात, ऑफिसात. इथं येऊन तरी त्यांना ‘तू जागा सोडायची नाहीस’ असं कशाला सांगू? आणि नियम काही कमी नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत दोघांनी शत्रूला समोरासमोरून कोंडीत धरलं तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, असा ऐच्छिक नियम आहे. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यावर त्याला एक फुकटचा वार मिळतो. ढालकऱ्याला शेजाऱ्यावरचा एक वार बिघडवता येतो. आणखी घरचे नियम घातले की दर पाळीला हिशेब वाढतो आणि लढाई गोगलगायीच्या चालीनं चालते.”

“ह्या सगळ्या नियमांत जागा सोडणाऱ्याला शिक्षा आहे,” मामा म्हणाले. “उरलेल्याला काय होतं ते कुठं लिहिलंय?”

हे वाक्य पहिल्या रात्री आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात राहिले नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मामा तयारीने आले. सेवेत असताना त्यांनी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ वाचले होते आणि ते त्यांच्या मनातून कधी गेले नव्हते. त्यांनी कॅलेंडरच्या दुसऱ्या पानावर हळकुंडे मांडली. सदाशिवरावभाऊंचा बेत गोलाचा होता. तोफा आणि इब्राहिमखानाचे गारदी यांच्या आधाराने सगळी फौज एकमेकींना धरून सरकणार, बायका-मुले आणि बुणगे तिच्या आडोशाने चालणार आणि असे लढत-लढत यमुनेकडे निघायचे. अडीच महिने कोंडलेल्या, उपाशी फौजेला दुसरा मार्ग उरला नव्हता. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी शत्रूच्या बाजूच्या रोहिल्यांवर चाल केली. त्यांची बाजू राखायला विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची पथके होती. रोहिले मागे रेटले जाताना दिसले आणि पथकांनी घोडी पुढे घातली. ती गारद्यांच्या माऱ्याच्या आड आली. पुढे रोहिल्यांच्या बंदुकांपुढे ती टिकली नाहीत, मागे फिरली आणि गारदी एकटे पडले.

“आता हा लाल बघ,” मामांनी चिंचोका हळकुंडांच्या पुढे सरकवला. “आन हा काळा. नेमाच्या आड आलाय का नाही? अडीचशे वर्षं झाली, चूक तीच.”

खोलीत कोणी बोलले नाही. पानिपताचे नाव निघाले की मराठी घरात असे होतेच. पण मला जाणवले ते निराळे होते. आदल्या रात्री ज्याने लाल चालवला होता तो पोरगा चिंचोक्याकडे एकटक बघत होता. त्याने इतिहासाच्या पुस्तकात पानिपत वाचले होते. स्वतःच्या हाताने मोडलेला गोल मात्र तो पहिल्यांदा बघत होता.

बहिणीने उत्तर दिले ते पालखेडचे. “मामा, तुम्ही हरलेली लढाई दाखवलीत. मी जिंकलेली दाखवते. फेब्रुवारी १७२८. बाजीरावाकडं जड तोफा नाहीत, बुणगे नाहीत. नुसती घोडी. तो निजामाला इकडून तिकडं पळवत राहिला. निजामानं पाठलागापायी स्वतःचा जड तोफखाना मागं टाकला आणि पालखेडला पाण्यावाचून अडकला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. गोल धरून बसला असता तर बाजीराव बाजीराव झाला असता का? आपल्या माणसांची खरी रचना म्हणजे रचना न धरणं. माझ्या पोरांना मी तेच करू देते. पुढं जा, मागं ये, कडेनं मार.”

“बरोबर,” मामा म्हणाले, “पण त्याच्यामागं कवडी नव्हती.”

हा या वादातला सर्वांत मोलाचा शब्द होता असे मला आजही वाटते. बाजीरावाच्या पाठीशी पळू न शकणारे कोणी नव्हते. भाऊंच्या पाठीशी हजारो होते. गनिमी कावा श्रेष्ठ की गोल, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षे चघळला गेला, पण तो अर्धवट विचारला जातो. मागे काय आहे ते आधी सांगा, मग रचना ठरवू. खेळातही तसेच. गुहेत खजिना शोधायला शिरलेल्या चार नायकांना फळीचा, म्हणजे रांग धरण्याचा, नियम लावणे म्हणजे त्यांचे पाय बांधणे. कवडी मागे असेल तेव्हा मात्र फळीचा नियम नसणे म्हणजे कवडीला आधीच मारून ठेवणे.

बहीण यावर थोडी थांबली, आणि मग तिने तिचा सर्वांत जड मुद्दा काढला. “मांत्रिकाचं काय? या जगात चालता-बोलता तोफखाना आहे. आगीचा एक गोळा वीस फूट त्रिज्येत फुटतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी अठ्ठावीस. खांद्याला खांदा लावून उभे राहिले की चौघं एकदम भाजतात. खऱ्या जगातही दाट रांगा बंदुका आणि तोफांनीच संपवल्या.”

या मुद्द्यावर रिसाल्यातला माणूस म्हणून मलाही बोलावेसे वाटले. कंटिंजंटचे घोडदळ पुढे डेक्कन हॉर्स या नावाने हिंदी फौजेत गेले. त्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडपाशी भाले सरसावून हल्ला चढवला, समोर मशिनगन असताना. त्या दिवसापुरते ते यशस्वी झाले, पण जंगल हाती लागले नाही. दाट घोडदळाचा काळ संपला होता. आमच्या वस्तीचे नाव ज्या रचनेवरून पडले ती रचना यंत्राने मोडली, हे मी नाकारणार नाही.

मामांनी ते मान्य केले. “मग आगीला नियम नको. ती फळीची किंमत समज. आग दिसली की पांगायचं, गेली की पुन्हा जुळायचं. आम्ही दगडफेकीत हेच करायचो. पांगणं सोपं. पुन्हा जुळणं शिकवावं लागतं.”

इथे मामा थोडे लांब बोलले, आणि मी त्यांना मध्येच थांबवले नाही याचा मला आनंद आहे. त्यांच्या तरुणपणी ढाल बेताची असायची. ढाल डाव्या हातात, लाठी उजव्या. “ढाल डाव्या हातात म्हणजे ती तुला अर्धीच झाकते. उरलेली अर्धी तुझ्या डाव्या हातच्याला. तुझी उजवी बाजू उघडी असते, ती उजव्या हातचा झाकतो. म्हणून कवायतीत ‘दाहिने सज’ म्हणलं की उजवीकडं बघायचं. ती नुसती शिस्त नव्हं, माझी ढाल कुठं हाय ते बघणं हाय. दगड यायला लागले की कुणीतरी चिडतो, पुढं धावतो. त्याला क्वचितच लागतं. लागतं कोणाला? त्याच्या डाव्या हातच्याला. माझ्या भिवईवरची खूण अशाच दगडाची हाय. पुढं मी नव्हतो गेलो.”

ती खूण आम्ही लहानपणापासून बघत आलो. ती कशाची ते त्या दिवशी कळले.

मामांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. इसवीसनापूर्वी ४१८ मध्ये ग्रीसमध्ये मँटिनियाची लढाई झाली. तिच्याबद्दल थ्युसिडिडीस लिहितो की लढायला निघालेल्या सगळ्या फौजा उजवीकडे सरकत जातात, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड न्यायला बघतो. चोवीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक शिपाई आणि हिंगोलीचा हवालदार एकच गोष्ट सांगत होते.

कौटिल्याचेही निघाले. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात व्यूहांची मांडणी आहे : दंड, भोग, मंडल, असंहत. मध्य म्हणजे उरस्य, दोन्हीकडे कक्ष आणि पक्ष. पायदळात दोन माणसांमध्ये एक शम अंतर ठेवावे, घोड्यांमध्ये तीन, असे तो सांगतो. शम म्हणजे चौदा अंगुळे, आजच्या हिशेबाने सुमारे साडेदहा इंच. बहिणीने लगेच ते घरांशी ताडून पाहिले. तिच्या खेळात एक घर पाच फुटांचे. म्हणजे तिची ‘शेजारची’ दोन माणसे कौटिल्याच्या शिपायांपेक्षा फार लांब उभी असतात आणि ढाल पोहोचत नाही. “तर मग शेजारी असणं पुरेसं नाही,” ती म्हणाली. “मुद्दाम फळी धरतोय असं सांगावं लागेल.” तिच्याकडून निघालेला हा पहिला नियम. आपण नियमांच्या बाजूला कधी आलो ते तिच्याही लक्षात आले नाही.

एका गोष्टीवर मात्र ती शेवटपर्यंत ठाम राहिली, आणि तिथे मी तिच्याच बाजूचा आहे. जुन्या मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, हत्यार स्वतःचे. घोडे मेले तर नुकसान त्याचे. बारगिराला घोडे सरकारी पागेतून मिळायचे. तिचे म्हणणे असे की खेळातला नायक हा शिलेदार आहे. त्याचे पात्र खेळाडूने महिनोन्‌महिने घडवलेले असते, त्याच्या मरण्या-जगण्याचा निर्णय त्याच्याच हातात असला पाहिजे. त्याला हुकमाने रांगेत उभे करता येणार नाही. नायकांनी पगारावर घेतलेले शिपाई हे बारगीर. ते दहा असोत की पन्नास, त्यांनी एका पाळीत, एकत्र, फळी धरून हलावे. त्यांच्यासाठी नियम कडक चालेल. मामांना हे आवडले नाही. त्यांच्या मते फळीत शिलेदार-बारगीर नसतो, नुसता उजव्या हातचा आणि डाव्या हातचा असतो. पण खेळ हा खेळणाऱ्याच्या इच्छेवर उभा असतो आणि ती इच्छा काढून घेतली तर उरते नुसती कवायत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या फौजेतही हा पेच आला होता. १८२४ चा राइसविट्झचा युद्धखेळ तक्ते आणि फासे यांवर चालायचा. पुढे नियम इतके वाढले की १८७६ मध्ये वेर्दी द्यु वेर्नोआ याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असे मांडले. नियम किती आणि निवाडा किती, हे भांडण जुने आहे.

दुसऱ्या रात्री उशिरा बहिणीने वहीच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या. त्या तशाच देतो.

‘किमान तिघांनी लागून उभे राहून फळी धरली असे सांगितले की ते तिघे सर्वांत हळू असणाऱ्याच्या पाळीला एकत्र हलतील. फळीतल्या ढालीचा फायदा ढालकऱ्याला नाही, त्याच्या डाव्या हातच्याला : त्याच्यावर वार करणाऱ्याने दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा. फळी सोडायला कुणालाही, कधीही मोकळीक आहे. पण सोडून गेला तर त्याच्या डाव्या हातच्यावर समोरच्या शत्रूला लगेच एक वार मिळेल.’

शेवटची ओळ मामांची. बहिणीला ती फार वेळ पटेना. “हे अन्यायाचं आहे, मामा. निर्णय एकाचा आणि मार दुसऱ्याला? टेबलावर भांडणं होतील. ‘तुझ्यामुळं माझं पात्र मेलं’ म्हणून माणसं खेळ सोडून जातील.”

“पोरी, अन्याय हाच हाय. तो कागदावर आला नाही तर तुझ्या पोरांना वाटतं, मी गेलो तर माझा मी गेलो.”

मी हा वाद पुन्हापुन्हा मनात घोळवला आहे आणि माझे मत मामांकडे झुकते. खेळाच्या मूळ नियमात जाणाऱ्यावर वार आहे. तो धाडसाची किंमत सांगतो, आणि धाडसी माणूस ती किंमत हसत मोजतो. म्हणून त्या नियमाने कुणी थांबत नाही. किंमत शेजाऱ्याच्या खात्यावर गेली की मगच माणूस मागे वळून बघतो. चक्रव्यूहाची गोष्ट आपण अभिमन्यूच्या बाजूने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण व्यूह म्हणून तो टिकला तो जयद्रथामुळे. अभिमन्यू आत शिरल्यावर त्याच्या मागोमाग येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने फटीतच अडवले. आत एकटा पडलेला पोर आणि बाहेर अडलेले चुलते, हे त्या तेराव्या दिवसाचे दुःख शेजार तुटल्याचे दुःख आहे.

नफ्याचे नियम करणे सोपे असते. फळी धरली की दोन गुण वाढवा, मागे भालाईत असेल तर आणखी एक. असे नियम मी पाहिले आहेत आणि ते लवकर मरतात, कारण खेळाडू ते गुण खिशात घालतात आणि फळीचा विचार करत नाहीत. वरच्या चार ओळींत ढालकऱ्याला स्वतःसाठी काहीच मिळत नाही. उजव्या टोकाला उभा असलेल्याला तर कोणाचीच ढाल नाही. तिथे कुणी उभे राहायचे हे ठरवायला पोरांना तिसऱ्या रात्री दहा मिनिटे लागली. बहीण चिडली, वेळ चालला म्हणून. मला वाटते त्या दहा मिनिटांत ते चौघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. तोवर ते फक्त सूत्रधाराशी बोलत होते.

खिंड तीच, हळकुंडे अकराच, मागे कवडी. लाल उजव्या टोकाला उभा राहिला, स्वतःहून. तिसऱ्या फेरीत पुन्हा एक हळकुंड मरायला टेकून मागे सरले. पोराचा हात चिंचोक्यावर गेला. मग त्याने निळ्याला विचारले, “मी गेलो तर तू एक वार झेलशील?”

निळ्याने आपला कागद पाहिला. “एक झेलीन. जा, पण पुढच्या पाळीला परत ये.”

लाल गेला. निळ्याला वार बसला, तो तग धरून राहिला. लाल परत आला. पाचव्या फेरीत पुन्हा तसाच प्रसंग आला, पोराने पुन्हा विचारले, आणि निळा म्हणाला, “नको. आता मी मरीन.” लाल थांबला. हळकुंड निसटले, आणि नंतर त्याने काळ्याला बरेच छळले.

बहिणीने मला नंतर सांगितले की ‘सर्वांत हळू असणाऱ्याच्या पाळीला एकत्र’ हा भाग तिला अजून जड वाटतो आणि पुण्याच्या टेबलावर ती तो बदलून बघणार आहे. मामांचे म्हणणे, तो बदलला तर पुन्हा बसची लाइन होईल. हे भांडण दिवाळीपर्यंत मिटणार नाही. भांडण झाले म्हणून कोणी खेळ सोडून मात्र गेले नाही.

त्या रात्री हिरवा आणि काळा पडले. कवडी खिंडीपलीकडे गेली तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि लाल चिंचोका उजव्या टोकाच्या घरातच होता.

तुम्ही हा खेळ खेळत असाल तर या चार ओळी एकदा लावून पाहा, मोडून पाहा, आपल्या कराव्याशा वाटल्या तर करा. फळीला पलटन म्हणा, घोड्यांना रिसाला म्हणा. हे शब्द आपल्या गल्ल्यांत पडून आहेत, ते टेबलावर यावेत. माझी एकच विनंती आहे : पहिल्या दिवशी मागे एक कवडी ठेवा.